चुन्याची निवळी

रात्री साडेअकराला टँकचे दिवे निळे होत होत विझतात, दिवाणखान्यात पंख्याची घरघर तेवढी उरते, आणि मग हळूहळू तो थेंब ऐकू यायला लागतो. वर फळीवर काचेची बरणी, बरणीतून उतरलेली सलाइनची नळी, नळीवरची ती छोटी चाकी अंगठ्यानं बेतानं फिरवून ठेवलेली, आणि खाली पाण्याच्या काळ्या पाठीवर दर दोन सेकंदांनी सुटणारा चुन्याच्या निवळीचा एक थेंब. आजाऱ्याच्या उशाशी ज्यानं रात्री काढल्या आहेत त्याला हा ताल सांगावा लागत नाही. टप्. मधे एक श्वास. टप्.

मी दिवा न लावता बसून राहतो.

आत प्रवाळ निजलेले असतात. झोआंथिडांच्या इवल्या फुलांनी पाकळ्या मिटून सदऱ्याच्या बटणांएवढ्या गाठी केलेल्या असतात, मशरूम प्रवाळ आपल्यातच आक्रसून गेलेले असतात, आणि मधोमध, खडकाच्या उंचवट्यावर, तो लेदर कोरल. दिवसा माथाभर बोटं फुटलेला, आता पावसात उगवलेल्या अळंबीसारखा गुळगुळीत. हे सगळे मऊ अंगाचे. दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ मी घरी आणले नाहीत. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला, आणि त्यांनी समुद्रातच असावं. माझ्याकडचे सगळे एका मित्रानं आपल्या टँकमधून कापून दिलेल्या नखाएवढ्या तुकड्यांची पिल्लावळ. पण चुना सगळ्यांना लागतो. खडकांवर रंगाच्या पापुद्र्यासारखं पसरत जाणारं ते गुलाबी-जांभळं शेवाळ चुन्याचं असतं, गोगलगायींची घरं चुन्याची, आणि लेदर कोरलच्या मांसात विखुरलेले, डोळ्यांना न दिसणारे काटेही चुन्याचेच. काचेच्या या साडेतीन फुटांत दिवसभर कुणी ना कुणी पाण्यातून चुना उचलत असतं, आणि रात्री मी तो थेंबाथेंबानं परत ठेवत असतो.

निवळी हा शब्द मला आजीनं दिला. संध्याकाळी तिच्या पानाच्या डब्यातला वाटाण्याएवढा चुना बोळक्यातल्या पाण्यात कालवला जाई, वर झाकणी पडे, आणि रात्रभर त्या बोळक्याला कुणी हात लावायचा नाही असा घरचा नियम होता. सकाळी साका तळाशी बसलेला असे. तो जराही न हलवता वरचं नितळ पाणी ती चमच्यानं काढायची आणि दात येणाऱ्या नातवंडांच्या, बाळंतीण होऊन आलेल्या आत्याच्या दुधात घालायची. मी एकदा चोरून चाखून पाहिली होती. जीभ भिंतीला लावल्यासारखी कोरडी पडली. ती म्हणायची, चुना शिंपल्यांचा असला तर उत्तम. आणि कोकणपट्टीत एकेकाळी भट्ट्या लावून शिंपलेच भाजले जात. म्हणजे कुठल्याशा कालवानं समुद्रातून गोळा केलेला चुना आमच्या दातांत आला होता. जर्मन हौशी लोकही आपल्या प्रवाळांना हेच पाणी घालतात आणि त्याला कल्कवासर म्हणतात, शब्दशः चुन्याचं पाणी. पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात ती पद्धत रूढ केली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. आजीचं बोळकं केवढा प्रवास करून आलं होतं.

बाबांचं लहानपण मिठागरात गेलं. आम्ही आगरी, आगर म्हणजे मिठाचं शेत, तेव्हा खार आमच्या नावातच आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या खाडीकडेनं पसरलेल्या वाफ्यांत आजोबा हंगामभर राबायचे. पाऊस सरला की चिखल पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट करायचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी आत घ्यायचं, आणि मग ते उन्हाच्या हवाली करून एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत, आटवत, जड करत न्यायचं. पाण्याला वय असतं असं बाबा सांगायचे. पहिल्या वाफ्यात ते पोरसवदा, नुसतं समुद्राचं. पुढं अंगाला लागलं की सुटत नाही असं चिकट. आणि अगदी शेवटी, उन्हं तापली की, तांबूस गुलाबी, संध्याकाळ पोटात घेतल्यासारखं. आजोबा दोन बोटांत पाणी चोळायचे आणि सांगायचे, आज मीठ धरेल की उद्या. त्यांच्या बोटांची कातडी कायम पांढरी, भेगाळलेली असायची. बाबांना त्यांचा चेहरा पुढं पुढं नीट आठवत नसे, पण ती बोटं आठवत.

आणि मी मीठ विकत आणलं. सीलबंद बादलीतलं, परदेशातून आलेलं, टँकसाठीचं समुद्री मीठ. कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारातून ती बादली मांडीवर घेऊन रिक्षानं आलो, जेवणाच्या टेबलावर उघडली, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं वजनकाट्यावर तोलायला लागलो. बाबा समोर चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, चिमूटभर उचलून जिभेच्या टोकावर ठेवलं, आणि डोळे मिटले. मी पाहत होतो. कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडल्या.

"हे मीठ नाय," ते म्हणाले. "ह्यात कडू हाय."

मग त्यांनी सांगितलं. मीठ ओढून काढलं की वाफ्यात थोडं पाणी राहतं, तेलासारखं जड, जिभेला कडू जहर. ते वेळीच सोडून द्यायचं असतं. राहिलं तर मीठ कडवट होतं, ओलं राहतं, गोणीत पाझरतं. चांगला आगरी कोण, तर ज्याला ते पाणी कधी सोडायचं हे कळतं तो. साठ वर्षांपूर्वी खाडीला सोडलेली ती चव त्यांनी आमच्या टेबलावर एका चिमटीत ओळखली होती.

त्या रात्री मला त्या कडूपणाचं नाव सापडलं: मॅग्नेशियम. समुद्र आटतो तोही एका क्रमानं आटतो. आधी चुना खाली बसतो, वाफ्याच्या तळावर पापुद्रा होऊन. मग जिप्समचे बारीक स्फटिक. मग, पाणी आटून दहाव्या हिश्श्याएवढं उरल्यावर, आपलं मीठ. आणि सगळ्यांत शेवटी, काहीही करा, खाली न बसणारं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे या लांबलचक कथेतला मधला एक अध्याय. ते कितीही शुद्ध असो, त्यात प्रवाळ जगत नाही, कारण त्याला हवं असतं ते दोन्ही टोकांना राहून गेलेलं: आधी बसलेला चुना आणि शेवटी सोडलेलं कडू. त्यातही गंमत अशी की हे कडूच चुन्याला सांभाळतं. पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं असलं, लिटरला तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास, की चुना विरघळलेल्या अवस्थेत टिकतो. ते उतरलं की तोच चुना प्रवाळाच्या वाट्याला न येता हीटरवर, मोटरीच्या पात्यांवर खडे होऊन बसतो. आजोबांनी जन्मभर जे मागं सोडलं त्याच्याच मागं मी लागलो आहे, असं मला बादलीत पाणी ढवळताना वाटतं. पाणी तरी कुठलं? तानसा, विहारचं, भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून नळाला आलेलं गोडं पाणी. ते आधी आरओतून काढून पुरतं रिकामं करायचं, इतकं की त्यात कसलीच आठवण राहू नये, आणि मग त्यात समुद्र कालवायचा.

आमच्या गच्चीवरून महामार्गापलीकडे ती मिठागरं दिसतात. थंडीत लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं. घरं माणसांना हवीतच, मी कुणाच्या डोक्यावरच्या छपराच्या विरोधात बोलू शकत नाही. पण भरतीचं पाणी जिथं शंभर वाटांनी आत येऊन उन्हात निजायचं, ती जागा डोळ्यांसमोरून जाईल या विचारानं पोटात कालवतं.

रविवार सकाळ तपासणीची. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं की मी छोट्या काचेच्या नळ्या मांडतो. आधी मिठाचं वजन, रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगावर एक थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ १.०२५ वर ठरली की बरं वाटतं. मग केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटची शिल्लक. समुद्रात ती सातच्या जवळपास असते, मी आठावर ठेवतो. मग कॅल्शियम. नळीतल्या पाण्यात पूड टाकली की ते फिक्या गुलाबी रंगाचं होतं, जास्वंदीच्या पाकळीखाली दिसतो तसा रंग. सुई नसलेल्या इंजेक्शनमधून एकेक थेंब सोडायचा, नळी मनगटानं हलवायची, पुन्हा थेंब. गुलाबी गुलाबीच राहतं. आणखी थेंब. मग गुलाबीत जांभळ्याची शंका येते, नळी पांढऱ्या कागदासमोर धरावी लागते, श्वास आपोआप रोखला जातो, आणि पुढच्या एका थेंबासरशी सगळं पाणी निळं. त्या क्षणाची सवय मला आजवर झालेली नाही. ४२०. मी वहीत आकडा लिहितो. आजोबांचं बोटांत पाणी चोळणं आणि माझं हे नळी उजेडाला धरणं, दोन्हीत मान एकाच कोनात झुकत असणार.

पण आकडा बरोबर येणं म्हणजे पाणी बरोबर असणं हा भ्रम मला एका जिवाच्या मोलानं फिटला. पहिल्या वर्षी केएच साडेसहापर्यंत उतरलं होतं. मी घाबरलो. पुस्तकातला आकडा गाठायची घाई झाली आणि सोड्याचं द्रावण एका दुपारी ओतून मी ते दहावर नेलं. वहीत सुंदर दिसलं. संध्याकाळपर्यंत झोआंथिड मिटले. दुसऱ्या दिवशी पहिला लेदर कोरल, ज्याला मी वर्षभर वाढवला होता, बुंध्याशी करडा पडून ढासळला, आणि टँकला अंडं नासल्याचा वास आला. दोष सगळा माझा होता. साडेसहात तो कसाबसा जगत होता, दहातही जगला असता. मारलं त्याला त्या दोहोंमधल्या उडीनं. कुजका तुकडा हातानं काढताना बाबा दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले की वाफ्यात पाणी घेताना बांध हातभर फोडत नाहीत, वीतभर फोडतात. तेव्हापासून बरणी आणि सलाइनची नळी आली. चुना लागेल तेवढाच, पण रात्रभर.

रात्रीच का, याचं उत्तर आठवीच्या प्रयोगवहीत आहे. परीक्षानळीत चुन्याची निवळी घेऊन काचनळीनं फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी घोकलं असेल. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. टँकचंही तसंच. दिवसा प्रवाळांच्या अंगातली सूक्ष्म शैवालं उजेड खातात आणि तो वायू ओढून घेतात, तेव्हा पीएच चढतो, ८.२ पर्यंत, रात्री उजेड गेला की सगळेच नुसते श्वास सोडतात, आणि पीएच पहाटेपर्यंत उतरत जातो. निवळी त्याला हात देते. पण मला अचंबा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. घरात माणसं वाढली की पीएच पडतो. खिडक्या लावून एसी चालू केला की पडतो. गणपतीत सोळा-सतराजणांनी दाटीवाटीनं आरती म्हटली त्या रात्री मीटर ७.८ वर उतरला होता. प्रत्येकाच्या ओठांतून निघालेला श्वास, देवाच्या नावासकट, हळूहळू त्या पाण्यात मिसळत होता. बरणीतल्या निवळीवरही सकाळी दुधावर येते तशी पातळ साय धरलेली असते. ती आमच्या श्वासांची. मी ती फेकताना अजूनही जरा थबकतो.

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा वाजून गेलेले, आणि मुंबईभर वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच संपूर्ण शांतता झाली. मोटरी बंद, पाणी बंद. पाण्याचं हलणं हाच प्रवाळांचा श्वास आहे. मी बॅटरीचा पंप शोधत कपाटं उपसत होतो. बाबा उठले, देवघराशेजारचा तांब्या घेतला, टँकमधलं पाणी त्यात भरलं आणि हात उंच करून धार सोडली. पुन्हा भरला. पुन्हा धार. "पानी हलतं ठेव," एवढंच म्हणाले. आम्ही दोघांनी पाळीपाळीनं, दिवस कलेपर्यंत, ती धार तुटू दिली नाही. त्यांच्या मनगटाची शीर तट्ट फुगलेली, सदऱ्याची बाही ओली, खारे थेंब कोपरावरून फरशीवर. धारेबरोबर बुडबुडे खोल जात, खडकावर आपटून फुटत, आणि त्या झुळकीनं झोआंथिडांच्या पाकळ्या कापत.

शंकराच्या पिंडीवर मी त्यांना असं पाणी घालताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज टँकसमोर खुर्ची घेऊन बसायला लागले. टाळेबंदीचे दिवस, जायचं तरी कुठं. एकदा लेदर कोरल आठवडाभर मिटून राहिला, अंगावर मेणकट, मळकी चकाकी आलेली. मी पुन्हा धास्तावलो, नळ्या मांडल्या, सगळे आकडे जागच्या जागी. बाबा म्हणाले, "त्याला राहू दे." दोन दिवसांनी प्रवाहात त्याच्या माथ्यावरून एक पातळ पापुद्रा सुटला, कडेनं फाटत, झुलत, आणि वाहून गेला, खालून कोवळा पिवळसर माथा वर आला, त्यावर एकेक बोट फुटत गेलं. त्यांनी मला हाक मारली नाही. मी आलो तेव्हा खुर्चीत पुढं झुकून ते पाहत होते, ओठ किंचित उघडे, तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावलेल्या माझ्याकडे पाहताना त्यांचा चेहरा असाच असणार असं मला वाटलं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. बाहेर मरीन ड्राइव्हवर त्यांनी मला भाजलेलं कणीस घेऊन दिलं होतं.

२०२०च्याच नोव्हेंबरात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी उचलून दुसरीकडे लावले गेले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली. बातमी वाचून बाबा चकित झाले. मुंबईत प्रवाळ? त्यांना मालवण ठाऊक होतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली पसरलेलं आंग्रिया बँकेचं पठार कान्होजींच्या नावामुळे ठाऊक होतं. पण या करड्या, गढूळ पाण्यात? थंडीत एका उधाणाच्या दिवशी, संध्याकाळच्या ओहोटीला, मी त्यांना वांद्र्याच्या कार्टर रोडला घेऊन गेलो. खडक उघडे पडले होते. डबक्यांच्या कडेनं, शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या मधे, ते होते: तपकिरी-हिरवे झोआंथिड, चटईसारखे दाटीनं, बरेचसे मिटलेले, पाण्याखाली राहिलेले तेवढे उघडे. बाबा गुडघ्यांवर बसले. एक बोट पाण्यात घालून, स्पर्श न करता, जवळ धरून ठेवलं. सूर्य टेकला होता आणि डबकं शेवटच्या वाफ्यासारखं तांबूस झालं होतं.

"इथंच होतं?" त्यांनी विचारलं.

मग ते बोट जिभेला लावलं.

पुढच्या पावसात बाबा गेले. आधीच्या नऊ रात्री मी त्यांच्या उशाशी सलाइन मोजलं, त्याच चाकीवर, त्याच अंगठ्यानं, आणि घरी परतून टँकची बरणी भरताना हात कुठला थेंब कुठं सोडतोय ते कळेनासं व्हायचं. मग घर भरलं. आत्या, काका, अलिबागकडची माणसं, गादीवर गादी घातलेली, बाहेर मुसळधार आणि खिडक्या बंद. तेरा दिवस. मीटर पाहायचं भान नव्हतं, पण तो समोरच होता: ७.८, ७.७५, पहाटे एकदा ७.७. झोआंथिड अर्धे मिटलेले. रात्री त्यांच्यासमोर ओळीनं निजलेल्या माणसांचे श्वास एकमेकांत मिसळत, कुणी हुंदका गिळे, कुणी कूस बदले, आणि ते सगळं मुकाट्यानं पाण्यात उतरत राही.

चौदाव्या दिवशी माणसं गेली. दुपारच्या गाडीनं आत्या शेवटची. आईनं गाद्या उचलल्या, मी फरशी पुसली, दोघांपुरता भात झाला. रात्री साडेअकराला दिवे निळे होऊन विझले, मी बरणी भरली, चाकी सोडली, आणि सवयीनं मीटरकडे पाहिलं.

८.१.

पाणी इतकं चांगलं पंधरवड्यात नव्हतं. आतल्या खोलीत आई जागी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभा राहिलो. पाऊस थांबला होता, खाडीकडून वारा सुटला होता, आणि अशा रात्री मी पूर्वेची खिडकी न चुकता उघडतो.

त्या रात्री उघडली नाही.